टॅरोच्या डबीला रेशीम कशाला?



बोईसरच्या मैत्रिणीने टॅरोच्या पत्त्यांसाठी लाकडी डबी सजवली. गेरूवर पांढरी वारली नक्षी, सुरेखच! आत मात्र रेशमी अस्तर. "रेशमात पत्ते शुद्ध राहतात," म्हणाली. कोशातले जीव उकळून कसली आली शुद्धी?

टॅरो हा मुळात १५व्या शतकातला इटलीतला पत्त्यांचा खेळ. त्यावरून भविष्य सांगणं रुजलं १८व्या शतकात. मुलीचं लग्न जमेना, ही तिची काळजी खरी आहे. पण उत्तर पत्त्यांत नाही. आपलं सुखदुःख आपल्याच कर्मांचं.

डबी करा, पण सुती अस्तर लावून जपमाळ ठेवा. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचारा'च्या नावातच रत्नांची पेटी आहे. सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र ही तीन रत्नं असताना आणखी पत्ते कशाला?