गिरिस्थानाचे सांडपाणी आणि डोंगराखालचा शेतकरी

महाबळेश्वर व पाचगणी या दोन गिरिस्थानांची कायम वस्ती 2011 च्या जनगणनेत प्रत्येकी पंधरा हजारांच्या आतच भरली. सुटीच्या दिवसांत तेथे उतरणारे प्रवासी या आकड्यात धरलेले नसतात. सांडपाणी मात्र त्यांचेही वाहतेच. अशा वाढत्या गावी मैलापाणी शुद्धीकरणाचे केंद्र उभारावयाचे तर त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न केवळ नगरपरिषदेचा नाही. शेतकरी बंधूंनीही त्यात लक्ष घातले पाहिजे.

याचे कारण तेथील भूमीतच आहे. माथ्यावर जांभ्याचा सच्छिद्र थर असून त्याखाली काळा कातळ आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पडणाऱ्या पावसाचा काही भाग जांभ्यात मुरतो, कातळाशी अडतो आणि कड्याकपारींतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. शोषखड्ड्यातील पाण्यालाही हाच मार्ग मोकळा असतो. एका अंगाचे पाणी वेण्णा नदीने मेढ्याकडे उतरते, कण्हेर धरणात साठते व पुढे माहुलीस कृष्णेला मिळते. माथ्यावरील शेतीचे मुख्य पीक म्हणजे स्ट्रॉबेरी. तिला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ जमिनीलगत लागते, त्यास सोलावयाची साल नसते व ते कच्चेच खाल्ले जाते. गव्हाच्या किंवा उसाच्या बाबतीत जे एक वेळ चालून जाईल, ते येथे मुळीच चालणार नाही. एका झऱ्याचे पाणी बिघडल्याची वार्ता बाजारात गेली, तर तिची किंमत निर्दोष बागायतदारांनाही मोजावी लागेल.

केंद्र बांधण्यास पैसा मिळू शकतो. 2021 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या नागरी टप्प्यात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांतील सांडपाणी व्यवस्थेसाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. खरी अडचण उद्घाटनानंतर सुरू होते. मैल्याचे विघटन करणारे जीवाणू हे गोठ्यातील जनावरांसारखेच होत. त्यांना हवा व खाद्य सतत लागते. हवेसाठी पंप चालले पाहिजेत आणि पंपांसाठी विजेचे देयक वेळेवर भरले गेले पाहिजे. मे महिन्यात मैला उदंड, तर जुलैत पावसाचे पाणी गटारांत शिरून तो अगदी पातळ, अशा ठिकाणी कुशल कामगार बारमाही ठेवावे लागतात. हा खर्च लहान नगरपरिषदेच्या घरपट्टीतून निघणे कठीण आहे, आणि तो थकला की यंत्रे उभी राहून मैला पूर्ववत ओढ्यास लागतो.

आमच्या मते हा चालू खर्च मुख्यतः प्रवाशाने द्यावा. पाणीपुरवठ्याच्या प्रचलित मानकांनुसार रहिवाशास दररोज 135 लिटर पाणी धरतात, तर हॉटेलातील एका खाटेमागे 180 लिटर. आणि पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. म्हणजे पाहुण्याचा भार यजमानाहून अधिक आहे. प्रवासी कर या गावांना नवा नाही. त्यातील ठरावीक हिस्सा शुद्धीकरणाच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा, आणि हॉटेलांकडून खाटांच्या संख्येवर आकार घ्यावा. घरी दोन खोल्या देणाऱ्या कुटुंबास दर कमी असावा. करामुळे प्रवासी फिरकणार नाहीत, ही भीती आम्हांस पटत नाही. खोलीच्या भाड्यापुढे तो कर किती असणार?

शेतकऱ्यावर मात्र याचा बोजा नसावा. शुद्ध केलेले पाणी जो झाडांसाठी अथवा चाऱ्यासाठी घेईल, त्याने ते उचलण्याचा खर्च द्यावा, इतकेच. स्ट्रॉबेरीस ते देऊ नये. (आपल्याच शेतांतून वाहून जाणारी खते व औषधे हा निराळा हिशेब आहे आणि तोही केव्हातरी मांडावाच लागेल.)

अशा योजनेच्या अंदाजपत्रकास मंजुरी मिळण्यापूर्वीच खालच्या ग्रामपंचायतींनी लेखी मागणी करावी की, चालू खर्चाची तरतूद त्यात दाखविली जावी आणि केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल दरमहा गावच्या फलकावर लागावा.