औषधाच्या पुडीत धर्माज्ञा

भुकेल्यास अन्न घालणाऱ्याने त्याच्या ताटाकडे पाहावे, त्याच्या तोंडून कोणते शब्द निघतात याचा हिशेब मागू नये, हा विवेक आमच्या बाजारपेठेत अन्नछत्र चालविणाऱ्या साध्या व्यापाऱ्यासही ठाऊक असतो. परंतु जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राने परदेशांतील रोग्यांस व गरीब स्त्रियांस जे साहाय्य दिले, त्याच्या पुडीत औषधाबरोबर एका पंथाची धर्माज्ञाही बांधून पाठविली, आणि ती आज्ञा न मानणाऱ्याच्या हातून पुडी काढून घेतली. अमेरिकेतील रूढिनिष्ठ ख्रिस्ती चळवळीने तेथील राजसत्तेकडून हे कसे करविले, आणि त्यात अन्याय नेमका कोठे आहे, याचा विचार आमच्या वाचकांनी करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

या चळवळीचा राजकीय इतिहास फार जुना नाही. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीचा गर्भपाताचा हक्क मान्य केला. तो निर्णय त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये फिरविला. गर्भपातास कॅथॉलिक धर्मपीठाचा विरोध प्रथमपासूनच होता. पुढे इव्हँजेलिकल म्हणविणारे प्रॉटेस्टंट पंथही त्यास येऊन मिळाले. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाद्र्याने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संस्था काढून, चर्चच्या बाकांवरील भाविकांस मतदार बनविण्याचे काम हाती घेतले. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन अध्यक्ष निवडून आले, त्यांस या मतदारांचे मोठे पाठबळ होते. मतांची ती हुंडी वटविण्याची वेळ १९८४ मध्ये आली.

त्या वर्षी मेक्सिको शहरी लोकसंख्येच्या प्रश्नावर जागतिक परिषद भरली असता अमेरिकेने जाहीर केले की, ज्या परदेशी संस्था कुटुंबनियोजनाचा उपाय म्हणून गर्भपात करतील, त्याचा सल्ला देतील किंवा त्याविषयीचा कायदा सैल व्हावा म्हणून खटपट करतील, त्यांस संततिनियमनासाठी अमेरिकेचा पैसा मिळणार नाही. हे काम त्यांनी स्वतःच्या अथवा दुसऱ्या कोणाच्या पैशाने केले तरीही मिळणार नाही. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी हा नियम रद्द केला, २००१ मध्ये बुश यांनी तो पुनः आणला, २००९ मध्ये ओबामा यांनी काढला, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी आणून जवळजवळ सर्व आरोग्यसाहाय्यास लावला, २०२१ मध्ये बायडन यांनी काढला आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो पुनरपि लागू केला. आफ्रिकेतील एखाद्या खेड्यातील बाईने अमेरिकेच्या निवडणुकीत कधी मत दिले नाही, देणारही नाही. तरी तिच्या दवाखान्याचे दार त्या निवडणुकीच्या निकालावर उघडते वा मिटते!

यावर या पंथाचे कैवारी म्हणतील की, गर्भहत्या हे ज्यांच्या धर्मबुद्धीस पाप वाटते, त्यांच्या करातून त्या पापास पैसा का जावा? प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही त्याची थट्टा करू इच्छीत नाही. परंतु त्याचे उत्तर अमेरिकेनेच १९७३ मध्ये देऊन ठेवले आहे. सेनेटर जेसी हेल्म्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्तीने, कुटुंबनियोजनाचा उपाय म्हणून होणाऱ्या गर्भपातावर परदेशी साहाय्याचा एकही डॉलर खर्च करण्यास तेव्हाच मनाई झाली. करदात्याची सदसद्विवेकबुद्धी तेथेच सुरक्षित झाली. मग १९८४ चा नियम कशासाठी? तो अमेरिकेच्या पैशासाठी नाही. तो घेणाऱ्याच्या पैशासाठी व घेणाऱ्याच्या वाणीसाठी आहे. एखाद्या शेठजीने धर्मशाळेस शंभर रुपये द्यावे आणि माझ्या रुपयांतून कांदालसूण आणू नका असे सांगावे, हे समजू शकते. पण इतरांनी दिलेल्या रुपयांतूनही आणू नका, आणि कांदा खाण्यास हरकत नाही असे बोलणाऱ्यास आत घेऊ नका, अशी अट त्याने घातली तर त्यास दाता म्हणावे की मालक?

आणि ही मालकी परक्या देशांच्या कायद्यांवरही चालते. हिंदुस्थानच्या संसदेने १९७१ मध्ये कायदा करून ठराविक मर्यादेत गर्भपातास मुभा दिली. नाडी वैदूंच्या व दायांच्या हातून मरणाऱ्या स्त्रिया वाचाव्या हा त्यामागील एक हेतू होता. लोकांनी निवडलेल्या संसदेने जे विहित ठरविले, ते सांगण्याचीही बंदी परदेशीच्या धर्ममताने येथील संस्थेवर घालावी, ही स्वराज्याची कोणती तऱ्हा?

बरे, एवढे करून ज्या पापाचा धाक होता ते तरी कमी झाले काय? ‘दि लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यक नियतकालिकात २०१९ मध्ये आफ्रिकेतील २६ देशांचा १९९५ ते २०१४ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा नियम लागू असताना, अमेरिकन साहाय्यावर अधिक अवलंबून असलेल्या देशांत, कमी अवलंबून असलेल्यांच्या मानाने, गर्भपाताचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढले व संततिनियमनाच्या साधनांचा वापर घटला, असे त्यात आढळले. कारण उघड आहे. जी संस्था गर्भपाताविषयी बोलते तीच बहुधा संततिनियमनाची साधने वाटते. तिचा पैसा तुटला की साधने तुटतात, आणि साधने तुटली की नको असलेला गर्भ राहतो. नियम करणाऱ्यांचे समाधान झाले. किंमत मात्र दुसऱ्यांच्या बायकामुलींनी दिली.

या चळवळीस तिच्या पुण्याचे मापही पुरे दिले पाहिजे. २००३ मध्ये धाकट्या बुश यांनी एड्सच्या निवारणासाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर देण्याची योजना मांडली, तीत इव्हँजेलिकल पुढाऱ्यांच्या आग्रहाचा मोठा भाग होता. या योजनेने अडीच कोटी जीव वाचविले असे अमेरिकन सरकार सांगते. भूतदयेने प्रेरित झालेला धर्म राजकारणात काय करू शकतो याचे हे उदाहरण आहे. परंतु याच योजनेच्या कायद्यात, प्रतिबंधाच्या खर्चापैकी निदान एकतृतीयांश विवाहापर्यंत ब्रह्मचर्याच्या उपदेशावर करावा, असे कलम घातले होते. ते २००८ मध्ये सैल करावे लागले. दुसरी अट अशी की, साहाय्य घेणाऱ्या संस्थेने आपण वेश्याव्यवसायाच्या विरुद्ध आहोत असे लेखी द्यावे. ब्राझील देशाने २००५ मध्ये या अटीपायी सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. त्याच वर्षी आमच्या सांगलीच्या ‘संग्राम’ या संस्थेनेही अमेरिकन साहाय्यावर पाणी सोडले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्येच तिचे एड्सनिवारणाचे काम चालते. ज्यांच्या विश्वासावर सारे काम उभे, त्यांच्याचविरुद्ध कागदावर सही कशी करावी? सांगलीसारख्या गावातील संस्थेने दाखविलेला हा बाणेदारपणा आमच्या मते मोठमोठ्या राजधान्यांनी शिकावा असा आहे.

आता या प्रकरणातील मर्म पाहा. हीच लेखी अट अमेरिकेतील संस्थांवर लादली गेली तेव्हा त्यांनी न्यायालयात धाव घेतली, आणि २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, सरकारचे मत स्वतःचे म्हणून बोलावयास लावणे हा भाषणस्वातंत्र्याचा भंग आहे. परंतु २०२० मध्ये त्याच न्यायालयाने निर्णय दिला की, अमेरिकेबाहेरील परदेशी संस्थांस हे संरक्षण नाही. म्हणजे न्यूयॉर्कच्या माणसाची जीभ पवित्र, आणि सांगलीच्या किंवा कंपालाच्या माणसाची जीभ भाड्याने मिळण्याजोगी! जी सक्ती आपल्या नागरिकांवर करण्यास राज्यघटना आडवी येते, ती परक्यांवर करण्यास हरकत नाही, असे मानणारी नीती कोणत्याही धर्मग्रंथाच्या आधाराने उजळ होणार नाही. अनेक ख्रिस्ती लोकांसही ती मान्य नाही, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

हे वाचून आमच्यातील कोणी सनातनी मनातल्या मनात हसत असतील, तर त्यांनी जरा थांबावे. २०२० च्या ऑक्टोबरात जिनीव्हाच्या नावाने एक जाहीरनामा निघाला. गर्भपात हा आंतरराष्ट्रीय हक्क नाही असे सांगणाऱ्या त्या कागदाच्या पुरस्कर्त्यांत अमेरिका, ब्राझील, हंगेरी व युगांडा यांच्या पंक्तीस इजिप्त आणि इंडोनेशिया हे मुसलमानबहुल देशही बसले होते. स्त्रीच्या देहावर पहारा बसवावयाचा असला की सर्व धर्मांच्या कर्मठांचे गोत्र एकच होते. आमच्या मुंबईत १९२१ पासून संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या रघुनाथराव कर्व्यांस मिशनरी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी १९२५ मध्ये सोडावी लागली. आणि पुढे त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, ते कर्मठ हिंदूंच्या रोषातून. पाद्री व पंडित यांचे एका गोष्टीत तरी एकमत झाले!

तेव्हा आमचे म्हणणे धर्माने राजकारणात पाऊल टाकू नये असे नाही. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. त्यांच्या धर्ममताशी आमच्या पूर्वजांनी वाद घातला, पण शाळेचा धडा उचलला. उपदेशास उपदेशाने उत्तर देता येते. पैशाच्या सक्तीस देता येत नाही. दात्याने हिशेब मागावा, अफरातफर दिसल्यास साहाय्य बंद करावे. मात्र घेणाऱ्याचे मत विकत मागू नये, हीच मर्यादा आम्ही सर्व धर्मांच्या व सर्व सरकारांच्या दानास लावू इच्छितो.

आणि एक गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांच्या हातची आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी साहाय्य नव्वद दिवस रोखण्याचा हुकूम काढला, तेव्हा कित्येक देशांतील दवाखाने एका रात्रीत अडले. ज्या गावाचे औषध दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, त्या गावाचे मतही फार काळ स्वतःचे राहत नाही. देवळाच्या कळसास सोने देणारे हात आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या शहरातील प्रसूतिगृहास व स्त्रियांच्या दवाखान्यास वर्षास काही नेमून द्यावे, नगरपालिकांनी आपल्या अंदाजपत्रकात त्यांची तरतूद करावी, आणि देताना रोग्याची जात, पंथ व मत विचारू नये. असे दान येथे वाढेल त्या दिवशी परदेशीच्या पुडीतील धर्माज्ञा परत पाठविण्याचे बळ सांगलीतल्या एका संस्थेपुरते उरणार नाही. ते साऱ्या महाराष्ट्राचे होईल.