वाचायला वेळ कुठं आहे?



पुस्तक वाचता का, असे वडीगोद्री परिसरातल्या कुठल्याही ऊस उत्पादकाला विचारले तर उत्तर ठरलेले असते. वेळ कुठं आहे? लागण झाली की खत, खत झाले की बांधणी, मग पाण्याच्या पाळ्या, मग तोडीसाठी मुकादमाच्या मागे फिरणे, आणि ऊस गेला की खोडव्याचे पाचट. उत्तर खोटे नाही. आडसाली उसासारखे दीड वर्ष रानात उभे राहणारे पीक मालकालाही दीड वर्ष उभेच ठेवते. घरचे लग्नकार्य, दुखणेबाणे, तालुक्याच्या चकरा हे वेगळेच. तेव्हा, रोज संध्याकाळी तासभर शांतपणे वाचीत बसावे, असे शहरातल्या माणसाने आपल्याला सांगू नये. तसा तास आपल्या दिवसात नाही, आणि नाही हे मान्य केले पाहिजे.

पण वेळ अजिबात नाही, हे मात्र मला पटत नाही. आपला वेळ सलग नसतो, तो तुकड्यातुकड्यांनी पडलेला असतो, आणि बहुतेक तुकडे वाट पाहण्याचे असतात. काट्यावर नंबर लावून ट्रॉल्यांची रांग गव्हाणीकडे सरकत असते, तेव्हा माणूस काय करतो? रात्रीची लाईट असली म्हणजे मोटार चालू करून दारे धरायची, एक वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचे, पुन्हा दारे मोडायचे. लाईट गेली तर ती येईपर्यंत विहिरीवरच पडून राहायचे. बँकेत, दवाखान्यात, तहसीलला, कृषी केंद्राच्या बाकावर अर्धा अर्धा तास जातो. हंगामातले असे तुकडे एखाद्याने वहीत मांडून पाहावेत. मला वाटते बेरीज पाहून तो स्वतःच चकित होईल.

पूर्वी हा वेळ गप्पांत जाई, रेडिओ ऐकण्यात जाई. आता तो मोबाईल खातो. मोबाईलला शिव्या घालण्यात अर्थ नाही, त्याच्यावर हवामान कळते, बाजारभाव कळतो. परंतु अंगठ्याने सरकवत बसायच्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती पाहून उठल्यावर, तासाभरात काय पाहिले हे कोणाला सांगता येते? २०२३ आणि २०२४ साली अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही आपल्या भागातली दोन्ही नावे आंदोलने आणि उपोषणे यांमुळे राज्यभर गाजली. इथे कोणाचीही बाजू घेण्याचा हेतू नाही, ती जागा हे मासिक नव्हे. फक्त एवढे सांगतो, की पारावर, हॉटेलात, लग्नाच्या मांडवात ‘हैदराबाद गॅझेटियर’ हा शब्द लहान पोराच्याही तोंडी होता. २ सप्टेंबर २०२५ ला त्यासंबंधी शासन निर्णयही निघाला. आता तो निर्णय, निदान त्याची पाने, दोन्ही बाजूंच्या किती जणांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली? ज्या गोष्टीवरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला, तिचा मूळ कागद तरी वाचावा की नाही? आपण दुसऱ्याने सांगितलेले ऐकले, आणि तेही ज्याने मोठ्याने सांगितले त्याचे.

ऐकणे वाईट, असे मात्र कोणी समजू नये. उलट आपली मूळ विद्या ऐकण्याचीच आहे. श्रावणात पोथी लागते. एक जण वाचतो, एक जण अर्थ सांगतो, आणि ज्यांना अक्षर ओळखत नाही अशा म्हाताऱ्यांना पांडवप्रतापातला प्रसंग पुढे काय येणार हे तोंडपाठ असते. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. आपल्या शेजारचेच म्हणायचे. त्यांनी दासबोधात सातव्या दशकाचा एक सबंध समास श्रवणाला दिला, आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनाला, म्हणजे अक्षर कसे काढावे, कागद कसा राखावा याला. ज्यांच्या नावाने जायकवाडीच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो, ज्याच्या डाव्या कालव्याच्या आशेवर या पट्ट्यात ऊस उभा राहिला, त्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये पैठणला ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. प्रपंच सांभाळून केलेले हे काम आहे. आणि शेतकऱ्याची कैफियत मांडणारा ‘शेतकऱ्याचा असूड’ जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिला तो नुसता छापायला म्हणून नव्हे. त्याचे भाग त्यांनी गावोगाव लोकांना वाचून दाखवले, बडोद्याला सयाजीराव महाराजांपुढेही वाचले. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले त्याला वाचता येत नव्हते, म्हणून ते त्याच्या कानावर घातले.

तेव्हा आज मोबाईलवर मराठी पुस्तके ऐकायला मिळतात, २०१७ पासून तर त्यासाठीची खास ॲपे आली, ही आपल्याला फार परकी गोष्ट वाटायला नको. पश्चिमेकडे अशी बोलकी पुस्तके १९३० नंतरच्या दशकात अंधांसाठी म्हणून निघाली. पुढे डोळस माणसांनीही ती उचलली, कारण हात कामात आणि डोके रिकामे ही स्थिती सगळीकडे सारखीच. आपली कितीतरी कामे तशीच आहेत. बेणे तोडणे, खुरपणी, धारा काढणे, शेंगा निवडणे, ठिबकच्या नळ्या तपासत सरीसरीने फिरणे. आठ तासांचे पुस्तक रोज अर्धा तास ऐकले तर सोळा दिवसांत संपते. हंगाम पाच महिन्यांचा धरला तरी सहज आठ-नऊ पुस्तके होतात. आमच्याकडे पदवी घेतलेल्या पोरांनीही नोकरी लागल्यापासून एवढी वाचलेली नाहीत.

एक धोका सांगून ठेवतो. रात्री पाण्यावर जाताना कानात बोंडे घालू नका. जनावराची सळसळ, मोटारीचा बदललेला आवाज, फुटलेला बांध, हे सगळे आधी कानाला कळते. ट्रॅक्टर चालवताना तर नकोच नको, महामार्गावरून ट्रॉल्या जोडून नेणाऱ्याला मागचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. मोबाईल खिशात ठेवून बारीक आवाजात लावला तरी चालते. (बाकी आवाजाच्या साहित्याची आपल्याकडे कमतरता आहे असे नाही. ऊसवाहतुकीच्या काही ट्रॅक्टरांवर बसवलेली यंत्रणा पाहिली तर एका गावाचा सप्ताह तीवर निघेल.)

आता नुसते ऐकून भागते का? इथे मला १९५६ सालचा एक प्रयोग आठवतो. पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे काढली. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने आपली गावे त्यात नव्हती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. गावातली पंधरा-वीस माणसे एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची, आणि प्रश्न लिहून पुण्याला पाठवायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. निष्कर्ष असा, की मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान भरपूर वाढले. ज्या गावांत नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हते तिथे फारच थोडे. यंत्र दोन्हीकडे तेच होते, फरक पडला तो ऐकल्यावर चार माणसांत बोलण्याने. ज्याने पुस्तक ऐकले त्याने ते दुसऱ्या दिवशी रांगेतल्या शेजाऱ्याला सांगावे, म्हणजे ते डोक्यात राहते.

दुसरे असे, की कथा-कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, इतिहास हे कानाने उत्तम आत जाते. पण आकडे, कायदा, मातीपरीक्षणाचा अहवाल, औषधाच्या बाटलीवरचे प्रमाण हे कानाचे काम नव्हे. तिथे डोळा आणि हातात पेन्सिलच पाहिजे. एक ओळ मागे जाऊन पुन्हा वाचावी लागते, खाली रेघ मारावी लागते.

आणि डोळ्यावरून आठवले. आपल्यातले पुष्कळ लोक पंचेचाळिशीनंतर वाचत नाहीत याचे खरे कारण वेळ नव्हे, चष्मा आहे. चाळिशी लागते, अक्षर लांब धरावे लागते, मग डोके दुखते आणि माणूस म्हणतो, आता वाचनात मन लागत नाही. मोटारीची वेसर गेली तर आपण त्याच दिवशी अंबडला धावतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र पाच-पाच वर्षे तसेच रेटतो. एकदा तपासून चष्मा घ्यावा, खर्च खताच्या एका गोणीच्या आसपास येतो.

बायामाणसांचे काय? पुरुषाला निदान वाट पाहण्याचा वेळ मिळतो, बाईच्या वाट्याला तोही येत नाही. रात्री सगळ्यांची ताटे उचलल्यावर ती टेकते तेव्हा डोळे मिटत असतात. त्यांनी वाचन वाढवावे, असा उपदेश घरातला पुरुष करीत असेल तर त्याने आधी हॉटेलातला एक चहा कमी करून संध्याकाळचे गोठ्याचे काम अंगावर घ्यावे. नसता घरात कोणीतरी मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. शाळेतल्या पोरीला हे काम दिले तर तिचे वाचनही सुधारते.

हे सगळे कारखान्याच्या मासिकात काहून, असे कोणी विचारील. कारण आपण नुसते ऊस घालणारे नाही, भागधारक आहोत, म्हणजे कागदोपत्री मालक आहोत. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये हा रास्त व किफायतशीर दर. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे पैसे चौदा दिवसांत द्यायचे, उशीर झाल्यास सालाना १५ टक्के व्याज. हे चार आकडे पावती आणि बिल समोर ठेवून ज्याला जुळवता येतात तो सभासद वेगळा, आणि पारावर ऐकलेल्या भावावर भांडणारा वेगळा. वार्षिक अहवाल घरी येतो आणि फडताळावर पडतो. सभेत विषय वाचला जातो, मागून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो, आणि मंजूर म्हणणाऱ्याला काय मंजूर केले हे माहीत नसते. २०१३ साली सहकार कायद्यात कलम २४ अ घालून सभासदांच्या शिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. पण शिकवणारा कितीही आणला तरी ताळेबंदाचे पान आपल्यालाच उलटावे लागणार.

माझी संचालक मंडळाला एक छोटी सूचना आहे. सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावी, म्हणजे स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावी, ४ मे २०१७ पासून लोकांच्या राहत्या घरांतून पुस्तके ठेवली आहेत. येणारा कोणत्याही घरी जाऊन वाचू शकतो. आपल्याला तेवढे मोठे काही नको. वाहनतळाशेजारी गाडीवान आणि ड्रायव्हर लोक जिथे नंबराची वाट पाहतात तिथे एक कपाट ठेवावे, उघडे, कुलूप नसलेले. त्यात दीड-दोनशे पुस्तके असावीत, मोठ्या टायपातली जास्त, टोळ्यांबरोबर आलेल्या लेकरांसाठी चित्रांची काही, आणि पोटनियमांची व मागील तीन वर्षांच्या अहवालांची एकेक प्रत दोरीने बांधून. पुस्तके चोरीला जातील, अशी शंका निघेल. जाऊ द्यावीत. गळीत बंद होईल त्या दिवशी किती उरली ते मोजावे, आणि पुढच्या मोसमाला तेवढी भर घालावी. पहिल्या भरतीसाठी माझ्याकडची चाळीस पुस्तके मी द्यायला तयार आहे, गट कार्यालयात नोंद केली म्हणजे आणून पोहोचवतो.