गाणी आमच्याकडे आहेत
(द्वितीय वर्ष, कला)

गाणे चांगले की वाईट हे ठरण्याआधी ते चार माणसांसमोर मोठ्याने म्हटले जावे लागते. ही साधी गोष्ट आपल्या महाविद्यालयात कोणाच्या ध्यानात येत नाही, असे मला वाटते. माझे म्हणणे पटवून देण्यासाठी मी एका दूरच्या जागेचे उदाहरण घेणार आहे. रॉक संगीताचे नाव काढताच काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

न्यूयॉर्कमधील बावरी हा रस्ता त्या काळी बेघरांचा आणि दारुड्यांचा म्हणून ओळखला जाई. तेथे डिसेंबर १९७३ मध्ये हिली क्रिस्टल या गृहस्थांनी 'सीबीजीबी' नावाचा छोटा क्लब उघडला. ही आद्याक्षरे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतप्रकारांची. म्हणजे मालकाच्या मनात होते निराळेच संगीत. दारात आली ती मात्र शहरातली रॉक वाजवणारी पोरे! मालकाने त्यांना एक अट घातली : वाजवायचे ते स्वतःचे. दुसऱ्याची गाजलेली गाणी येथे नकोत.

जागा लांबट आणि अरुंद. ऑगस्ट १९७४ मध्ये 'रामोन्स' हा चौघांचा संच तेथे प्रथम उभा राहिला. गाणी दोन-दोन मिनिटांची, आणि मध्येच थांबून आपसांत भांडण! तरीही त्यांना पुन्हा बोलावले गेले. १९७६ साली त्यांची पहिली तबकडी निघाली आणि पुढे कित्येक देशांतल्या तरुणांनी ती ऐकून गिटार हाती घेतली. पॅटी स्मिथ, 'टेलिव्हिजन', 'टॉकिंग हेड्स' हे सारे याच खोलीत घडले. ती अट नसती तर ही मंडळी इतरांची नक्कल करण्यातच रमली नसती का?

आपल्याकडेही मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' हा संच निघाला. आरंभी तो परदेशी गाणीच वाजवी. पण १९८८ मध्ये त्याने स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढला, आणि आज त्याचे नाव घेतले जाते ते त्या स्वतःच्या गाण्यांसाठी.

आता आपल्या स्नेहसंमेलनाकडे वळू. नावनोंदणीच्या कागदावर एकल गायन आहे, समूहगायन आहे, नृत्य आहे. स्वरचित गीताला रकाना नाही. वसतिगृहातला माझा एक मित्र ऊसतोडीच्या फडावरची गाणी स्वतः रचतो आणि पत्र्याच्या ट्रंकेवर ठेका धरून म्हणतो. तो नाव द्यायला गेला तेव्हा त्याला विचारण्यात आले, "कोणत्या चित्रपटातले?" तो मुकाट्याने परत आला.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील हमाली करतात. पण गावच्या भजनी मंडळात पखवाज त्यांच्याकडे असतो. अभंग संतांचे खरे, पण आवाज त्यांचा स्वतःचा. तेथे कोणी परीक्षक नसतो. ज्याला म्हणावेसे वाटते, तो पुढे सरकतो. मी मात्र शिकायला म्हणून येथे आलो आणि नुसता ऐकणारा झालो! आमच्यासारख्यांनी घरची भाषा फाटकाबाहेर ठेवूनच आत यायचे असेल, तर या शिक्षणाने आम्हांला काय दिले?

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांची गाणी कच्ची असणार. असतीलच. पण कच्चे गाणे पिकायलाही जागा लागते, आणि स्नेहसंमेलनाचा मोठा मंडप ती देऊ शकत नाही. तेथे चुकणाऱ्याची हुर्यो होते. छोट्या खोलीत तीस-चाळीस जण शेजारी बसून ऐकतात. गाणे कोठे पडले हे गाणाऱ्याला त्यांच्या चेहऱ्यांवरच दिसते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, एक वर्गखोली, प्रत्येकाला दहा मिनिटे. बक्षीस नको, ध्वनिक्षेपक नको. गिटार चालेल, डफ चालेल, ट्रंकही चालेल. अट एकच : गाणे स्वतःचे हवे.

'सीबीजीबी' भाड्याच्या वादातून ऑक्टोबर २००६ मध्ये बंद पडला. २००८ साली त्या जागी उंची कपड्यांचे दुकान उघडले. आपल्यापुढे भाड्याचा प्रश्नच नाही. खोल्या संध्याकाळी रिकाम्या आणि कुलूपबंद असतात. किल्ल्या आपल्या गुरुजनांकडे आहेत. गाणी आमच्याकडे आहेत.