झिम्बाब्वेच्या भिंती आणि आपलं आश्चर्य

सुदानमध्ये इजिप्तपेक्षा जास्त पिरॅमिड आहेत. इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं. 'आफ्रिकेबद्दलच्या थक्क करणाऱ्या गोष्टी' अशा मथळ्याखाली ही माहिती वर्षानुवर्षं छापली जाते आणि बहुतांशी ती खरीही असते. माझा आक्षेप तिच्या मांडणीला आहे. चोपन्न देशांच्या खंडातून सुटे दाणे वेचून समोर ठेवले की वाचक थक्क होतो आणि पान उलटतो. हे आपल्याला आजवर का माहीत नव्हतं, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आपलं आश्चर्य कोणीतरी घडवलेलं आहे, असं माझं म्हणणं आहे, आणि निदान एका ठिकाणी तरी ते नावानिशी, सनावळीनिशी दाखवता येतं. ते ठिकाण म्हणजे ग्रेट झिम्बाब्वे.

आजच्या झिम्बाब्वेत, मासविंगो शहराच्या दक्षिणेला असलेली ही राजधानी आजच्या शोना लोकांच्या पूर्वजांनी साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकात उभारली. तिथल्या सर्वांत मोठ्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर आहे आणि काही ठिकाणी तिची उंची ११ मीटरपर्यंत जाते. दगड सांधायला कुठेही चुना वापरलेला नाही. त्या भागातल्या ग्रॅनाइटच्या टेकड्या दिवसा तापतात, रात्री गार होतात आणि त्यांचे पापुद्रे सुटतात. गवंड्यांनी ते पापुद्रे काढले, विटेएवढे तुकडे केले आणि थरावर थर रचत, प्रत्येक थर किंचित आत घेत भिंत वर नेली. भिंतींना कोपरे नाहीत, त्या वळत जातात. छपराचा भार त्यांच्यावर कधीच नव्हता. माणसं राहायची ती आतल्या मातीच्या गोल घरांमध्ये. जुन्या भिंतींचे थर वेडेवाकडे आहेत, नंतरच्या भिंतींत ते सरळ आणि एकसारखे होत जातात. कारागिरांच्या पिढ्या याच जागी शिकत गेल्या, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

तरीही १८७१ मध्ये इथे पोचलेल्या कार्ल माउख या जर्मन प्रवाशाला तो दिसला नाही. दारावरच्या लाकडी तुळईची ढलपी त्याने काढली, तिचा रंग आणि वास आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिला आणि हे लेबनॉनचं देवदार आहे असं ठरवून टाकलं. म्हणजे हा वाडा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा, आणि बांधणारे लेबनॉनकडचे प्राचीन फिनिशियन! ते लाकूड तिथल्याच झाडाचं होतं. एका प्रवाशाची चूक म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण तिचा उपयोग लगेच ओळखला गेला. १८९० मध्ये ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने हा मुलूख बळकावला आणि पुढच्याच वर्षी तिच्या पाठबळाने थिओडोर बेंट तिथे उत्खननाला गेला. प्राचीन काळी कोणी परके इथे राज्य करत होते असं ठरलं, की नव्या परक्यांचं येणं आक्रमण ठरत नाही. आसपासच्या इतर अवशेषांमधलं सोनं काढायला तर १८९५ मध्ये रीतसर कंपनीच निघाली. १९०२ पासून देखरेखीला नेमलेल्या रिचर्ड हॉलने आफ्रिकी वस्तीचे मातीचे थर 'घाण' समजून खोदून फेकले. ज्या थरांनी खरं काय ते सांगितलं असतं, तेच नाहीसे झाले. इतिहास माहीत नसणं वेगळं आणि त्याचा पुरावा फावड्याने उपसून टाकणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीला अज्ञान म्हणता येत नाही.

'त्या काळी शास्त्रच मागासलेलं होतं, त्यांना दोष कसा द्यायचा?' असं कोणी म्हणेल. पण १९०५ मध्येच डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी ही वास्तू मध्ययुगीन आणि आफ्रिकी असल्याचं सांगितलं होतं. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी नव्याने उत्खनन करून तोच निष्कर्ष ठामपणे मांडला. पुढे कार्बन-कालमापनानेही त्याला दुजोरा दिला. तरीही १९६५ नंतर ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या, गोऱ्या सरकारच्या काळात, ही वास्तू आफ्रिकींचीच आहे असं सरकारी प्रकाशनांनी निःसंदिग्धपणे म्हणू नये असा दबाव आला आणि पुरातत्त्व अधिकारी पीटर गार्लेक यांनी १९७० मध्ये देश सोडला. शास्त्राने उत्तर देऊन चाळीस वर्षं झाली होती.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. इथे चिनी मातीची भांडी सापडली, इराणी भांडी सापडली, काचेचे मणी सापडले. मग बाहेरच्यांचा हात नव्हता कशावरून? इथे आपल्याच मातीतला दाखला पुरेसा आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडनची रोमन बनावटीची ब्राँझची मूर्ती सापडली, म्हणून कोल्हापूर रोमनांनी वसवलं असं कोणी म्हणत नाही. त्या मूर्तीवरून आपण व्यापाराचा माग काढतो. झिम्बाब्वेच्या पठारावरचं सोनं आणि हस्तिदंत सोफालाच्या किनाऱ्यावर उतरायचं, तिथून किल्वामार्गे हिंदी महासागरात जायचं आणि बदल्यात कापड, मणी, भांडी यायची. त्या समुद्राचं एक टोक आपल्याकडे होतं. चौलला सापडलेल्या काचेची रासायनिक जात पूर्व आफ्रिकेतल्या अनेक मण्यांशी जुळते. परदेशी वस्तू राजधानीत पोचतात त्या तिथल्या राजाची पत असते म्हणून.

हे एकट्या झिम्बाब्वेचं नशीब नव्हतं. नायजेरियातल्या इफे इथलं धातूचं अप्रतिम मस्तक १९१० मध्ये लिओ फ्रोबेनिअस या जर्मन अभ्यासकाने पाहिलं आणि ते बुडालेल्या अटलांटिसच्या वारशात जमा केलं. समोर तिथलेच योरुबा लोक उभे असताना त्याला ग्रीक दंतकथा जवळची वाटली.

तिसरा आक्षेप असा की गौरवाच्या भरात आपण दुसऱ्या टोकाला जाऊ. ही भीती रास्त आहे. ग्रेट झिम्बाब्वे हे समतेचं राज्य नव्हतं. आत कोण राहणार आणि बाहेर कोण, हे त्या भिंतीच सांगतात. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने या जागेचं नाव घेतलं, तिथला दगडी पक्षी ध्वजावर घेतला, आणि नंतरच्या सत्ताधाऱ्यांनीही या भूतकाळाचा आपल्या सोयीने वापर केला. पण यावर उपाय जास्त संशोधनाचा आहे, आणि ते आज इनोसंट पिकिरायी, शॅड्रेक चिरिकुरे यांच्यासारखे झिम्बाब्वेचेच पुरातत्त्वज्ञ करत आहेत. राजधानीत अठरा हजार लोक राहत असावेत, हा जुना अंदाज चिरिकुरे यांनी बराच खाली आणला. देशाभिमानाला हा निष्कर्ष फारसा सोयीचा नसतानाही. घरांसाठी माती काढून पडलेले खड्डे म्हणून ज्यांच्याकडे आजवर पाहिलं जायचं, ते पाणी साठवण्यासाठी होते असं पिकिरायी आणि त्यांचे सहकारी मांडत आहेत. भिंती कोणी बांधल्या हे सिद्ध करण्यात शंभर वर्षं खर्ची पडली नसती, तर तिथली माणसं कोरड्या महिन्यांत पाणी कुठून आणत होती, हा प्रश्न कितीतरी आधी विचारला गेला असता.