विश्लेषण : स्कूबा डायव्हिंगमधला अनोळखी जोडीदार किती भरवशाचा?

पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीपासून गोवा, नेत्राणी बेट आणि अंदमानपर्यंत स्कूबा डायव्हिंगचा हंगाम सुरू होतो. प्रशिक्षण पूर्ण केलेले अनेक हौशी डायव्हर सुट्टीत एकटेच जातात. बोटीवर त्यांची जोडी ऐनवेळी एखाद्या अनोळखी डायव्हरशी लावली जाते. ज्याच्या भरवशावर समुद्रात उतरायचे, त्याचे धड नावही ठाऊक नसते. हा धोका टाळता येतो का?

पर्यटकांच्या डायव्हिंगपेक्षा हे वेगळे कसे?

पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक सोडत नाही. हवा, खोली, वेळ या सगळ्याची काळजी तोच घेतो. ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र मिळाल्यावर मात्र साधारण 18 मीटरपर्यंत प्रशिक्षकाविना उतरण्याची मुभा मिळते. अट एकच : जोडीदार, म्हणजे ‘बडी’ हवा. बोटीवरचा गाइड वाट दाखवतो. पण सहा-आठ जणांपैकी प्रत्येकावर क्षणोक्षणी नजर ठेवणे त्याला शक्य नसते.

बडीची गरज कशासाठी?

हवा संपली किंवा रेग्युलेटर बिघडला, तर सर्वांत जवळचा हवेचा साठा बडीच्या पाठीवर असतो. त्यासाठीच प्रत्येकाकडे एक जादा, बहुधा पिवळ्या रंगाचा रेग्युलेटर असतो. पण बडी दहा-पंधरा मीटर दूर, कॅमेऱ्यात डोके घालून बसला असेल, तर तो असून नसल्यासारखाच. कोकण किनाऱ्यावर पाणी गढूळ असेल, तर एवढ्या अंतरावरून तो दिसतही नाही.

कार्ड पाहून कौशल्य कळते का?

फारसे नाही. प्रमुख संस्थांच्या प्रमाणपत्रांना सहसा मुदत नसते. आठ वर्षांपूर्वी चार डाइव्ह करून थांबलेला आणि गेल्या महिन्यात पाण्यात उतरलेला, दोघांकडे एकच कार्ड असू शकते. हवा वापरण्याचा वेगही माणसागणिक बदलतो. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून हवाही दुप्पट लागते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार हवा भरली आणि 50 बार राखीव ठेवली, तर वापरायला 1,800 लिटर उरते. पृष्ठभागावर मिनिटाला 15 लिटर हवा घेणाऱ्याला या खोलीवर ती तासभर पुरेल. 25 लिटर घेणाऱ्याला 36 मिनिटेच. हा फरक आधी माहीत नसेल, तर एक जण परत फिरतो तेव्हा दुसरा पुढे निघालेला असतो.

मग ओळखीचाच जोडीदार सुरक्षित?

तसेही नाही. जुन्या मित्रांमध्ये ‘त्याला सगळे माहीत आहे’ म्हणून तपासणीच टाळली जाते. अनोळखी माणसाबरोबर निदान विचारायला निमित्त तरी असते. खरा धोका अबोलपणाचा आहे. शेवटचा डाइव्ह कधी केला, किती हवा उरल्यावर परतायचे, पुढे कोण राहणार, फोटो काढणार का, हे प्रश्न पाच मिनिटांत होतात. त्यानंतर एकमेकांचे जॅकेट, वजनाचा पट्टा, बकल आणि हवा तपासायची. खुणाही पक्क्या करायच्या. अंगठा वर केला की जमिनीवर ‘छान’. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. चुकामूक झाली तर मिनिटभर शोधायचे आणि नंतर दोघांनीही सावकाश पृष्ठभागावर येऊन भेटायचे, हेही आधीच ठरलेले हवे.

जबाबदारी कोणाची?

सगळा भार डायव्हरवर टाकून चालणार नाही. जोड्या लावणारे केंद्रच असते. अनुभव आणि हवेचा वापर विचारात घेऊन जोडी लावणे, बोटीवर बोलायला वेळ देणे आणि बऱ्याच काळाने आलेल्याला आधी उजळणी करायला लावणे, हे केंद्राचे काम आहे. पर्यटकांच्या रांगेमुळे ही पाच मिनिटेच पहिल्यांदा कापली जातात. एकट्याने उतरणाऱ्यांसाठी वेगळे प्रशिक्षण आहे. पण त्यात हवेचा स्वतंत्र जादा साठा सोबत ठेवावा लागतो. नवख्यासाठी ती पळवाट नव्हे.

उतरण्यास नकार देणे योग्य आहे का?

निश्चितच. जोडीदार प्रश्नांना उत्तरे देत नसेल, तपासणीला हसत असेल किंवा ठरल्यापेक्षा खोल जाण्याचा आग्रह धरत असेल, तर दुसरा जोडीदार मागावा. तो मिळाला नाही तर बोटीवरच थांबावे. पैसे भरले आहेत, इतरांचा खोळंबा होईल, समोरच्याला वाईट वाटेल, या संकोचापायी अनेक जण मनाविरुद्ध उतरतात. बुडालेल्या पैशांची भरपाई पुढच्या सुट्टीत होऊ शकते. म्हणून असा नकार केंद्रांनी अपमान न मानता, सुरक्षेचा भाग म्हणून स्वीकारायला हवा.