पत्र्याची भुकटी

यंदाच्या उन्हाळ्यात पोरानं घराला थर्माकोलचं छत करायला माणूस आणला. वर सिमेंटचे पत्रे, खाली थर्माकोल, म्हणजे घर थंड राहते असा त्याचा हिशोब. माणसानं शिडी लावली आणि हातातलं ड्रिल पत्र्याला टेकवलं. मी खालून ओरडलो, "थांब रे बाप्पा! उतर खाली." पोरगा चिडला. "बाबा, चाळीस वर्सं होत आले या पत्र्याखाली. कोनाले काय झालं?"

त्याला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते इथं देतो.

पिंपळगाव राजातलं आमचं जुनं घर धाब्याचं. सागाचे सरे, त्यावर फळ्या, काड्याकुड्या आणि वर हातभर पांढरी माती. बाहेर मे महिन्याचं ऊन पंचेचाळीसला टेकलं, तरी आत माणूस डोळा लावू शके. पण धाब्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एखादी श्रावणातली रात्र टोपली-परात मांडून काढावी, मग बोलावं. दर मिरगाच्या आधी माती टाका, गवत उपटा, सरे कुजले की नवा साग आणा. साग परवडेना, माती टाकणारे हात मिळेनात. 1987 साली धाबं उतरवलं. टिनाखाली माणूस भाजून निघते, म्हणून खामगावहून सिमेंटचे पत्रे आणले. गरिबानं उन्हापासून घर वाचवायचं म्हटलं, तर तेवढाच उपाय होता. दुकानदारानं किंमत सांगितली, टिकाऊपणा सांगितला. त्यात ॲस्बेस्टॉस आहे हे काही सांगितलं नाही.

मिस्त्रीनं दोन दिवस अंगणात बसून करवतीनं पत्रे कापले. पांढरी भुकटी उडे. माय हसून म्हणाली, "आरशात पाह्य रे, तुह्या मिशा पिकल्या." आम्ही सगळे हसलो. संध्याकाळी मायनंच ती भुकटी कोरड्या झाडूनं झाडली. फुटके तुकडे मी हातोड्यानं ठेचून गोठ्यात भराव केला.

त्या मिस्त्रीनं आमच्या पट्ट्यातली कित्येक घरं झाकली. उतारवयात त्याला धाप लागायची. दवाखान्यात विचारलं, बिडी ओढता का? हो म्हणाला. टीबीच्या गोळ्या दिल्या. गेला बिचारा. तो पत्र्यानंच गेला असं मी म्हणत नाही, कारण त्याच्या छातीत काय होतं हे कोणी पाहिलंच नाही. माझा राग त्याचाच आहे. जन्मभर काय कापलं, हा सवाल त्याला कोणी विचारला नाही. केसपेपरवर धंदा लिहिला होता, 'मजुरी'.

ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारा तंतू. सिमेंटच्या पत्र्यात शंभरात साधारण दहा भाग तो असतो. अखंड पत्रा डोक्यावर गुमान पडून असला, तर त्याचा धोका थोडा. पत्रा कापला, भोक पाडलं, फोडला, घासला, की तंतू सुटतात. ते केसाहून कितीतरी बारीक असतात. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसात रुततात. फुप्फुस निबर होते, कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ॲस्बेस्टॉसची सगळी जात कर्करोग करणारी आहे. आणि रोग वर यायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. पोरा, 'चाळीस वर्षांत काय झालं' याचं उत्तर हेच आहे. या रोगाचं बिल चाळीस वर्षांनीच येते.

इंग्लंडनं 1999 साली हा माल बंद केला, 2005 पर्यंत सगळ्या युरोपीय संघानं. आपल्या सरकारनं 1986 साली खाणींच्या नव्या परवान्यांना आडकाठी घातली, पण रशिया-कझाकस्तानातून तोच दगड आणून पत्रे बनवायला मोकळीक ठेवली. खणणं वाईट, मग कापणं चांगलं कसं? हा कोणता न्याय?

न्याय झाला नाही असंही नाही. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ॲस्बेस्टॉसच्या कामगाराची तब्येत हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. कारखान्यानं त्याच्या तब्येतीची नोंद किमान चाळीस वर्षं ठेवावी. निकाल चांगलाच आहे. पण तो कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. पत्रा फाटकाबाहेर पडून आमच्या अंगणात आला, करवत फिरली, तिथं कोणती नोंद आणि कोणाचं रजिस्टर? आमच्या मिस्त्रीला ना हजेरी होती ना मालक. त्याचा मालक त्या दोन दिवसांपुरता मीच होतो, आणि मी हसत होतो.

म्हणून सांगतो, घाबरून पत्रे फोडू नका. नवे घेऊ नका. असलेल्याला भोक पाडू नका, शेवाळ खरवडू नका. काढायचाच झाला तर पाणी मारून अख्खा उतरवा. तोंडाला चांगला मास्क बांधा, नुसत्या रुमालानं भागत नाही. पोरंबाळं दूर ठेवा. तुकडे चुलीजवळ, गोठ्यात वापरू नका. थर्माकोलचाही मोह नको. वायरिंगची ठिणगी पडली की भडकते आणि काळा विषारी धूर सोडते. आम्ही आता आडव्या लाकडांना बांबूच्या तट्ट्या बांधल्या, एकही भोक न पाडता. धाब्याइतकं थंड नाही, पण निभते.

सरकारकडे मागणं दोनच. शाळा-अंगणवाडीवरचे असले पत्रे नीट उतरवून न्या. आणि दवाखान्यात धाप लागलेला म्हातारा आला, तर बिडीच्या सवालाबरोबर पत्र्याचाही सवाल विचारा. केसपेपरवर 'मजुरी' लिहून सोडू नका. काय कापत होता, तेही लिहा.